फुलं आली का?

सातारकराच्या घरी गणपती येतात, गौरी येतात आणि त्यांच्या मागोमाग पाहुणे येतात. गणपती-गौरींचं विसर्जन ठरल्या दिवशी होतं. पाहुण्यांचं मात्र कास पठारावरची फुलं वाळेपर्यंत काही सांगता येत नाही.

सुरुवात फोनने होते. आपण जिवंत आहोत की नाही याची वर्षभरात ज्यांनी चौकशी केलेली नसते, अशा आप्तेष्टांना श्रावण निम्म्यावर आला की आपली एकदम आठवण येते. "काय, कसा आहेस? तब्येत बरी ना? बरं, फुलं आली का?" हे सगळं एका दमात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतात. तिसऱ्याचं द्यायला जावं, तर ते कुणाला नको असतं. कारण 'फुलं आली का' याचं खरं उत्तर 'कुठली?' हे आहे. चवर जुलैपासूनच पांढरी फुललेली असते. ऑगस्ट सरता सरता गेंदाचे पांढरे गोंडे वर येतात आणि त्यांच्या मधूनमधून सीतेच्या आसवांचा जांभळा रंग. सप्टेंबरात तेरडा गुलाबी होतो. तो ओसरायला लागला की सोनकी पिवळं करायला घेते. त्यातही चार दिवस उघडीप मिळाली तर रंग चढतो आणि मुसळधार लागली तर उतरतो. हे सारं मी पुण्याच्या दाजींना फोनवर सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रविवारी असतील ना?"

आमच्या लहानपणी हे असं नव्हतं. तेव्हा कास म्हणजे कासचा तलाव. साताऱ्याला पाणी तिथून यायचं, शाळेची सहल तिथे जायची, डबे खाऊन परत यायची. वाटेतलं पठार ही फक्त एसटीने ओलांडायची जागा होती. फुलं तेव्हाही होती. पण ती बघायला येणारे म्हणजे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांच्यामागून परीक्षेतल्या मार्कांसाठी चालणारे विद्यार्थी. मग २०१२ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला युनेस्कोच्या समितीची बैठक भरली आणि पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत महाराष्ट्रातली चार होती: कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. पहिल्या तिन्हींत घनदाट जंगल आहे, पण एवढी तंगडतोड करून गवा दर्शन देईलच याची हमी नाही. फूल पळून जात नाही. त्यामुळे लोकांनी व्यवहार पाहिला आणि सगळे कासला निघाले. बैठक झाली रशियात आणि जास्तीच्या गाद्या भरून घ्याव्या लागल्या आम्हाला.

यंदा दाजी आले ते मुंबईच्या काकूंना घेऊनच. काकूंचं वय सत्तरीच्या पुढचं, आवाज खणखणीत, आणि गुडघे दोन्ही गेलेले. "मला फक्त गाडीतून दाखव," असं त्या आल्या आल्या म्हणाल्या. गाडीतून कास बघता येत असतं तर मी सातारकर म्हणून कितीतरी सुखी झालो असतो.

बुकिंग हा दाजींचा प्रांत. पठारावर दिवसाला किती माणसं सोडायची याला तीन हजारांची मर्यादा आहे, आणि ही मर्यादा इतरांसाठी आहे अशी प्रत्येकाची खात्री असते. दाजींनी ऑनलाइन पासाची प्रिंट काढली, तिला प्लॅस्टिक लावलं, शिवाय मोबाइलमध्ये तिचा फोटो ठेवला आणि तो फोटो खबरदारी म्हणून मलाही पाठवला.

यवतेश्वरचा घाट चढून वर आलो, की एका हाताला उरमोडी धरणाचं पाणी आणि पलीकडे सज्जनगड, दुसऱ्या हाताला खाली कण्हेरचं धरण. काकूंनी सज्जनगडाला बसल्या जागेवरून हात जोडले आणि म्हणाल्या, "झालं की रे सगळं. आता परत फिरलं तरी चालेल." पण दाजींनी पैसे भरले होते.

गाडी पार्किंगला लावून तिथून गावकऱ्यांच्या समितीच्या बसने पठाराच्या तोंडाशी उतरायचं असतं. आम्ही उतरलो. दाजींनी कमरेवर हात ठेवून चारी दिशांना पाहिलं.

"पॉइंट कुठाय?"

या प्रश्नावर माझा राग नाही. आपल्या तीन पिढ्यांना निसर्ग कसा पाहायचा हे महाबळेश्वरने शिकवलंय. एक कठडा असतो, कठड्याला एखाद्या साहेबाचं नाव असतं, शेजारी कणसं भाजत असतात, आणि 'इथून बघा' म्हणून कुणी तरी बोट दाखवतं. आपण बोटाच्या दिशेने बघतो, 'वा' म्हणतो, फोटो काढतो आणि पुढच्या पॉइंटला जातो. दिवसाला सात-आठ पॉइंट झाले की पैसे फिटतात. कासला हा हिशेब जमत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण बाराशे मीटर उंचीवर जांभ्या दगडाचा एक सपाट विस्तार आहे. त्याला ना कठडा, ना दरी, ना सूर्य मावळण्याची ठरलेली जागा.

"हाच पॉइंट," मी म्हणालो.

"हा म्हणजे कुठला?"

"तुम्ही उभे आहात तो."

दाजींनी पायाखाली पाहिलं आणि चटकन बाजूला सरकले. तिथे पायवाटेच्या कडेला गेंदाचे पाच-सहा गोंडे होते, त्यांतला एक त्यांच्या बुटाखालून हळूहळू सरळ होत होता.

फोटोंनी लोकांची फार फसगत केली आहे. फोटोत गालिचा असतो. क्षितिजापर्यंत गुलाबी, त्यावर कापसाचे ढग आणि कोपऱ्यात 'स्वर्ग' असं लिहिलेलं. तेरडा ऐन भरात असला तर तसं दिसतंही, नाही असं नाही. पण तो फोटो काढणारा माणूस त्या वेळी पोटावर पालथा पडलेला असतो, हे फोटोत येत नाही. साडेपाच फुटांवरून पाहिलं तर पठार हिरवट दिसतं, त्यावर कुणी तरी रंग शिंपडता शिंपडता मध्येच जेवायला उठून गेलंय असं. इथे फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्या आहेत असं सांगितलं जातं. त्यातल्या बहुतेक जणींचा कारभार आपल्या घोट्याच्या खाली चालतो. म्हणजे कास बघायचं तर वाकायला पाहिजे, नीट बघायचं तर गुडघे टेकायला पाहिजेत, आणि मनापासून बघायचं तर आडवं व्हायला पाहिजे. मराठी मध्यमवर्ग पंढरपूर सोडून कुठे एवढा वाकत नाही.

पठारावर गाइड म्हणून आसपासच्या गावांतली पोरं असतात. आमच्या वाट्याला आलेला पोरगा विशीतला, डोक्यावर टोपी, पायात गमबूट. त्याने काकूंकडे पाहिलं, त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, चष्मा घाला आन् हितं बसा. उठवायची जबाबदारी माजी."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर काकूंनी त्याला उभं केलं असतं. पण 'उठवायची जबाबदारी' हा शब्द त्यांना आजवर एकाही डॉक्टरने दिला नव्हता. त्या दाजींच्या खांद्याचा आधार घेऊन, देवाचं नाव घेत, दगडावर टेकल्या.

"आता ह्ये बगा. सीतेची आसवं."

ओल्या मातीतून दोरा उभा राहावा तसा एक दांडा, त्यावर नखाएवढं जांभळं फूल. दोन ओठ, घशाशी पांढुरका डाग, मागे खाली वळलेली बारीक शेपटी. पान शोधायला गेलं तर दिसत नाही. वाऱ्याची झुळूक आली की एक हलत नाही, शेकडो एकदम हलतात. काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी सीतामाईचं दुःख, लक्ष्मणाने तिला वनात सोडणं आणि एकूणच पुरुषांचा स्वभाव यावर दोन शब्द सांगितले.

"ही किडं खाती," गाइड म्हणाला.

"कोण?"

"हीच. सीतेची आसवं."

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. पोराने मग तपशील सांगितला. मातीखाली हिच्या धाग्यांना मिलिमीटरभर आकाराच्या पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीला झडप. झडपेच्या केसांना एखादा पाण्यातला जीव नुसता लागला की झडप आत उघडते, पाण्याबरोबर तो जीव आत खेचला जातो, आणि झडप बंद. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं उरकतं. मग सावकाश पचन.

"श्रावणातसुद्धा?" काकूंनी विचारलं.

"श्रावण-भादव्यातच, काकू. तवाच तर ती उगवती. बाकी वर्षभर हितं दगूड असतोय."

चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर या वेळी जे उमटलं, ते मला पठारावरच्या कुठल्याही फुलापेक्षा दुर्मीळ वाटलं. सीतेच्या नावाने राहायचं आणि ऐन चातुर्मासात मातीखाली हे धंदे करायचे! पण पोरगा वकिली करायला तयारच होता. खाली सगळा जांभा, त्यावर बोटभर माती, तीही कुठे असली तर. पावसाळ्यात इथे एवढं पाणी कोसळतं की मातीतलं नत्र धुऊन जातं. मग झाडाने खायचं काय? "पोटासाठी करावं लागतंय, काकू. मातीत काय न्हाईच." यावर काकूंनी थोडा विचार केला. स्वतः कधी अंडं न शिवलेल्या त्या बाईने अखेर निकाल दिला, "गरिबाला सगळं माफ असतं."

शेजारीच दवबिंदू होता. तो सीतेच्या आसवांहून स्पष्टवक्ता. लालसर पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात एक चिलट अडकून पाय झाडत होतं. दाजींना हे एकदम पसंत पडलं. एवढ्या वेळात प्रथमच काही तरी घडत होतं. ते मोबाइल घेऊन खाली बसले, व्हिडिओ चालू केला आणि पान मिटायची वाट पाहू लागले. दवबिंदूला अशी घाई नसते. त्याचे केस किड्याकडे वळायला, तो पुरता लपेटायला आणि पचायला बराच वेळ जातो. थोड्या वेळाने दाजी म्हणाले, "स्लो आहे," आणि उठले. चिलट अजून पाय झाडत होतं. त्याला मात्र हा वेग योग्य वाटत असावा.

एव्हाना धुकं आलं. कासच्या धुक्याबद्दल कवींनी बरंच लिहिलेलं असणार. यजमान म्हणून माझं म्हणणं एवढंच, की त्यात पठाराबरोबर पाहुणेही दिसेनासे होतात, आणि काही मिनिटं कुणीही आपल्याला काहीही विचारत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. डावीकडे एक निवृत्त गृहस्थ कुणाला तरी बजावत होते, "हा नुसता गेंद नाही, एरिओकॉलॉन सेजविकी." पलीकडून दुसरे निवृत्त गृहस्थ म्हणाले, "कशावरून?" गेंदाच्या जाती एकमेकींपासून ओळखायला भिंग लागतं, शिवाय स्वभावात चिकाटी लागते. दोघांकडे दोन्ही होतं. धुकं विरल्यावर पाहिलं तर दोघेही समोरासमोर ओणवे, मधे एक गोंडा, आणि जरा लांब त्यांच्या बायका एकीच्या डब्यातल्या वड्या खात छान गप्पा मारत होत्या.

मॅक्रो लेन्सवाल्यांची जमात निराळीच. हे लोक पहाटे येतात, रेनकोट घालून पालथे पडतात आणि उन्हाची वाट पाहतात. त्यांना गालिचा दिसत नाही, पठार दिसत नाही, शेजारून जाणारी माणसं दिसत नाहीत. एकाची बायको छत्री धरून उभी होती. छत्री कॅमेऱ्यावर होती, नवरा भिजत होता. दोघांच्याही चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

आणि शिट्टी. पठाराचं संयुक्त वनव्यवस्थापन आसपासच्या गावांच्या हाती आहे, आणि त्यांच्या माणसांच्या गळ्यात शिट्टी असते. पायवाट सोडून कुणी फुलांत बसलं की फुर्रर्र! "ओ निळा शर्ट, बाहेर या!" पठारावर निळा शर्ट घातलेली जेवढी माणसं असतात तेवढी दचकून आपले पाय तपासतात. ज्याच्यासाठी वाजवली तो मात्र हनुवटी उचलून, डोळे मिटून, हातात तेरडा धरल्याचा आविर्भाव करत बसलेला असतो, कारण त्याचा फोटो अजून मनासारखा आलेला नसतो. दाजींसाठी शिट्टी वाजली तेव्हा त्यांनी प्लॅस्टिक लावलेला पास वर करून दाखवला.

म्हशींचा विषय निघाला तो यावरूनच. वाटेत म्हशी चरत होत्या. दाजींनी न्यायाचा प्रश्न उपस्थित केला: आम्हाला शिट्टी आणि त्यांना मोकळं रान, असं का? पोराने जे सांगितलं ते मला आधीच ठाऊक होतं, पण दाजींना ते दुसऱ्याच्या तोंडून कळलेलं बरं म्हणून मी गप्प राहिलो. गर्दी वाढली तेव्हा फुलांच्या रक्षणासाठी पठाराला तारेचं कुंपण घातलं. माणसं आवरली, पण गुरंही बाहेर राहिली. मग काही वर्षांनी गावकरी सांगू लागले की बहर पूर्वीसारखा राहिला नाही. गुरं चरायची थांबली तसं गवत माजलं, आणि गवत उंच वाढलं की खालच्या बुटक्या फुलांना ऊन कुठून मिळणार? शिवाय खुरांनी माती हलायची, शेणाने तिला थोडा कस मिळायचा, तेही गेलं. बरीच चर्चा झाली आणि शेवटी ते कुंपण हटवण्यात आलं.

"म्हणजे," दाजी म्हणाले, "म्हैस फुलांवरून चालली तर बहर येतो आणि मी चाललो तर जातो?"

"तसंच की, सायेब."

"पण का?"

पोराला उत्तर शोधावं लागलं नाही. "म्हस एका जागी फोटोला थांबत न्हाई. आन् ती एकटी येती, तीन हजारांनी येत न्हाई."

दाजी त्यानंतर बराच वेळ पायवाटेच्या अगदी मधोमध चालले.

कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत आम्ही गेलो नाही. राजमार्गाने ते बरंच चालणं आहे आणि काकूंच्या बाबतीत पोराने दिलेली हमी एका बैठकीपुरतीच होती. शब्दाला मात्र तो जागला. काखेत हात घालून त्याने काकूंना असं अलगद उभं केलं की त्या म्हणाल्या, "तू मुंबईला का येत नाहीस?" तळ्याकडे जाण्याऐवजी आम्ही बाहेर पडलो आणि जिथे आमच्या सहलीचा खरा गाभा होता तिथे, म्हणजे रस्त्याकडेच्या भजीच्या छपराखाली गेलो. इथे दाजींना पॉइंट सापडला. गरम कांदाभजी, पुढे ठेचा, आणि दूरवर पठार. दोन प्लेट झाल्यावर ते म्हणाले, "इथून फार सुंदर दिसतं." खरं सांगायचं तर इथून काहीच दिसत नव्हतं, पुन्हा धुकं आलं होतं. काकूंनी चातुर्मासामुळे कांदाभजी नाकारली आणि बटाटाभजी मागवली. तळण एकच आहे हे त्यांना सांगायला मी गेलो नाही. गरिबाला सगळं माफ असेल, तर गुडघे गेलेल्यालाही असावं.

भजी खाता खाता काकूंना रस्त्यापलीकडे गुडघाभर उंचीची गोल झुडपं दिसली. टोपल्या पालथ्या घालून ठेवल्यात अशी, अंगावर एकही फूल नाही.

"आणि ही कुठली? की हीही किडे खाते?"

"ती टोपली कारवी. ती न्हाई काय खात. पर ती दरसाल फुलत न्हाई. सात-आठ वर्सांनी एकदाच, सगळी मिळून. तवा हितं पायाखाली बगायलाच लागत न्हाई, सगळं जांभळं होतंय."

काकूंनी बशी खाली ठेवली. "म्हणजे ती उभ्याने दिसते?"

"उभ्यानं दिसती, गाडीतनं बी दिसती."

सकाळपासून मला जे जमलं नव्हतं ते या झुडपाने केलं होतं. काकूंना कास पटलं. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन तीन वर्षं लांबलं होतं. आता डॉक्टरांनी खाली बसायला कायमचं बंद केलं तरी कारवी हातची जात नाही, असा त्यांचा हिशेब पक्का झाला. पुढचा बहर नक्की कोणत्या साली, हे त्यांनी पोराला चार वेळा चार तऱ्हांनी विचारलं. प्रत्येक खेपेला तो म्हणाला, "ते कारवीलाच ठावं." सरकारी कार्यालयातून आयुष्य काढलेल्या काकूंना हे उत्तर ओळखीचं वाटलं असावं, त्यांनी वाद घातला नाही.

त्या माझ्याकडे वळल्या. "तू तोवर साताऱ्यातच आहेस ना?"

"आहे, काकू. मी आता रिटायर झालोय."

"मग बरं झालं. सात वर्षांनी, सगळे मिळून. मुलीकडची मंडळीही येतील. जावईसुद्धा यायचं म्हणतात कधीपासून."

दाजींनी तोपर्यंत तेलकट बोटं पुसून मोबाइल काढला होता. सात वर्षांपुढचा सप्टेंबर, त्यातला रविवार, माणसं अकरा, ज्येष्ठ नागरिक एक. कॅलेंडर या महिन्यापलीकडे सरकेना. त्यांनी पुन्हा पुन्हा बोट ओढून पाहिलं, मोबाइल छपराबाहेर धरून पाहिला, एकदा भजीच्या टेबलावर उभं राहूनही पाहिलं.

"इथे रेंजच नाही," दाजी म्हणाले. "घरी गेल्यावर तू बघ."